साठीनंतरची पहिली पायी वारी : या चुका टाळा

आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर पायी चालावे, असे निवृत्तीनंतर अनेकांच्या मनात येते. मग एकूण अंतराला दिवसांनी भागून ‘रोजचे चौदा-पंधरा किलोमीटर, तेवढे तर सहज जमेल’ असा हिशेब मांडला जातो. पहिली चूक या भागाकारातच आहे, कारण वारीचे टप्पे सारखे नाहीत आणि त्यांतले सर्वांत लांब टप्पे अगदी सुरुवातीला येतात. ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान झाल्यावर पालखीचा पहिला मुक्काम आळंदीतच असतो. दुसऱ्या दिवशी पुण्यापर्यंत सुमारे २९ किलोमीटर चालावे लागते आणि पुण्यातील दोन मुक्कामांनंतर सासवडपर्यंतचा सुमारे ३२ किलोमीटरचा टप्पा येतो, ज्यात दिवे घाटाची चढण आहे. त्या मानाने पुढचे सासवड ते जेजुरी १६, जेजुरी ते वाल्हे १२ किंवा लोणंद ते तरडगाव अवघे ८ किलोमीटर, हे टप्पे हलके म्हणावे असेच आहेत. ज्येष्ठ वारकऱ्याचे पाय, गुडघे आणि औषधांचे वेळापत्रक यांची खरी परीक्षा या पहिल्या दोन टप्प्यांत होते, हे लक्षात घेऊनच तयारी आखली पाहिजे.

याच कारणाने ‘आधी पुणे ते सासवड एक दिवस चालून बघू, जमले तर पुढच्या वर्षी पूर्ण वारी’ हा लोकप्रिय सल्ला साठीपुढच्या माणसाला देऊ नये, असे मला ठामपणे वाटते. तो टप्पा सर्वांत लांब असतो, शहरातून एका दिवसासाठी आलेल्यांची गर्दी त्याच दिवशी सर्वाधिक असते आणि घाटात मधेच थांबून वाहन मिळवणे जवळपास अशक्य असते. चाचणीच घ्यायची असेल, तर सासवडहून निघून वाल्ह्यापर्यंत किंवा लोणंदहून फलटणपर्यंत चालावे. आळंदीपासूनच चालण्याचा नेम असणाऱ्यांना हे रुचणार नाही, पण पहिल्या वर्षी अर्धी वाट चालणाऱ्याला कोणी कमी वारकरी मानत नाही.

सरावाबाबतची चूक निराळ्या प्रकारची असते. रोज सकाळी पाऊण तास फिरणाऱ्याला आपली तयारी आहे असे वाटते. परंतु वारीत थकवा येतो तो आदल्या दिवशीच्या दुखऱ्या स्नायूंसह पहाटे पुन्हा उभे राहण्याने, आणि वयानुसार स्नायूंची झीज भरून यायला अधिक वेळ लागतो. म्हणून आठवड्यातून एकदा लांब चालण्यापेक्षा सलग दोन दिवस मध्यम अंतर चालण्याचा सराव अधिक उपयोगी पडतो. आषाढी जून-जुलैमध्ये येते, म्हणजे शेवटच्या क्षणी सुरू केलेला सराव ऐन उन्हाळ्यात सापडतो. जानेवारी-फेब्रुवारीत सुरुवात करून अंतर हळूहळू वाढवत नेले, तर ही अडचण येत नाही. डांबरी रस्त्यावर चालावे, जवळच्या एखाद्या चढावर आणि उतारावर जावे, आणि संथ गतीने चालण्याचीही सवय करावी, कारण दिंडीत आपल्या गतीने चालता येत नाही. मधेच थांबावे, उभे राहावे, पुन्हा चालावे लागते आणि कंबर त्यानेच अधिक अवघडते. जमिनीवरून हाताचा आधार न घेता उठण्याचाही सराव करावा. राहुटीत अंथरूण जमिनीवरच असते आणि रात्री एक-दोनदा लघवीसाठी उठावे लागणाऱ्याला हा व्यायाम किलोमीटरइतकाच महत्त्वाचा आहे.

पायांकडे आता जरा सविस्तर पाहू. निघण्याच्या आठवड्यात घेतलेले कोरे बूट ही सर्वांत महाग पडणारी खरेदी होय. दिवसभर चालल्याने पाऊल सुजते, म्हणून पादत्राण संध्याकाळी आणि जे मोजे घालायचे तेच घालून पाहावे, पुढे अंगठ्याला थोडी मोकळी जागा राहील असे घ्यावे आणि सरावाच्या काळात पुरेसे वापरून मगच वारीला न्यावे. पावसात भिजलेले बूट रात्रीत वाळत नाहीत. त्यामुळे वापरून सवय झालेल्या सँडलचा दुसरा जोड आणि कोरड्या मोज्यांचे तीन-चार जोड हवेतच. नखे निघण्यापूर्वी सरळ कापावीत, आणि बोटांमध्ये व मांड्यांच्या आतल्या बाजूला पेट्रोलियम जेली पहाटेच लावावी, कारण एकदा कातडी सोलवटली की मलमाचा फारसा उपयोग होत नाही.

तळव्याला एखाद्या जागी गरम लागल्यासारखे वाटू लागले, की पुढच्या विसाव्याची वाट न पाहता तिथेच बाजूला बसून त्या जागेवर चिकटपट्टी लावावी. दिंडी पुढे जाईल या संकोचाने केलेला तासाभराचा उशीर फोडात बदलतो. फोड आलाच आणि तो लहान असेल, तर फोडू नये. मोठा, ताणलेला फोड चालूच देत नसेल, तर वाटेवरील वैद्यकीय पथकाकडून त्यातले पाणी काढून घ्यावे, मात्र वरची कातडी काढू देऊ नये. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांना फोड झाल्याचे कळतही नाही. त्यांनी रोज संध्याकाळी लहान आरसा घेऊन तळवे तपासावेत, अनवाणी चालण्याचा नवस शक्यतो करू नये आणि फोडाला स्वतः सुई लावू नये.

पुणे ते सासवड हा टप्पा बहुतेक वर्षी एकादशीला येतो. म्हणजे सर्वांत लांब चाल, घाटाची चढण आणि उपवास हे तिन्ही एकाच दिवशी. निरोगी माणूस हे निभावून नेतो; परंतु इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याची साखर अशा दिवशी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि तेव्हाचा घाम, थरथर व गोंधळलेपणा उन्हाचा किंवा भक्तीचा परिणाम समजून सोडून दिला जातो. गोळी मनाने बंद करणे हीदेखील चूकच आहे. निघण्यापूर्वी डॉक्टरांना केवळ ‘वारीला जाऊ का?’ असे न विचारता टप्प्यांचे अंतर आणि उपवासाचे दिवस दाखवून त्या त्या दिवसाचा डोस लिहून घ्यावा, आणि साखरेच्या पुड्या खिशात ठेवाव्यात. उपवास करायचाच असेल, तर फळे आणि राजगिऱ्याचे लाडू थोड्या थोड्या वेळाने खावेत. पोटभर साबुदाणा खाऊन मग चार तास काहीच न खाणे टाळावे.

अंगदुखीच्या गोळ्यांबाबत तर फारच निष्काळजीपणा आढळतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारे औषध चालू असताना, घामाने शरीरातले पाणी कमी झालेल्या माणसाने डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतल्यास मूत्रपिंडांवर गंभीर ताण येऊ शकतो. शेजारच्या वारकऱ्याने प्रेमाने पुढे केलेली गोळी म्हणूनच नम्रपणे नाकारावी. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालेल का आणि किती, हे आधीच विचारून ठेवावे.

वाढत्या वयात तहान उशिरा जाणवते. त्यामुळे तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी पीत राहावे, आणि घाम फार येत असेल तर मधूनमधून जलसंजीवनी घ्यावी, कारण नुसतेच पाणी भराभर पीत राहिल्याने रक्तातील सोडियम उतरू शकते. अनेक महिला शौचालयाच्या अडचणीमुळे दुपारपर्यंत पाणीच पीत नाहीत, आणि त्याची परिणती चक्कर व मूत्रमार्गाच्या संसर्गात होते. मार्गावर तात्पुरती शौचालये उभारलेली असतात. दिंडीतील जुन्या वारकरी महिलांना ती कुठे असतात हे ठाऊक असते, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांच्याशी ओळख करून घ्यावी.

दिंडीत भिशी (जेवण-मुक्कामाची वर्गणी) भरून नाव नोंदवताना बरेचजण जेवणाची चौकशी करतात आणि आजारी पडल्यास ट्रकमध्ये बसायला जागा मिळेल का, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. सामान त्याच ट्रकमधून पुढे जाते व संध्याकाळी मुक्कामीच हाती येते, म्हणून औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, पावसासाठी प्लास्टिकचे इरले आणि विजेरी खांद्यावरच्या पिशवीत हवी. केवळ दिंडीचा क्रमांक पाठ करणेही पुरत नाही. पालखीच्या रथापुढील दिंड्यांचे आणि रथामागील दिंड्यांचे क्रमांक वेगवेगळे असल्याने एकच क्रमांक दोन्हीकडे सापडतो. ‘रथामागे’ की ‘रथापुढे’, दिंडीप्रमुखाचे नाव, ट्रकचा क्रमांक आणि घरचा संपर्क हे सारे कागदावर लिहून तो कागद अंगावर बाळगावा, कारण गर्दीत मोबाइल लागेलच असे नाही.

छातीवर दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, विश्रांतीनंतरही न थांबणारी धाप, किंवा उन्हात बोलणे असंबद्ध होणे, यांपैकी काहीही झाल्यास मुक्काम गाठण्याचा आग्रह न धरता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मागवावी.

आषाढ शुद्ध दशमीला पालखी पंढरपुरात पोहोचते आणि इथे नियोजन संपले असे समजणे ही अखेरची मोठी चूक ठरते. थकलेल्या पायांनी पदस्पर्श दर्शनाच्या रांगेत अनेक तास उभे राहण्यापेक्षा ज्येष्ठांनी मुखदर्शन किंवा कळसाचे दर्शन घ्यावे; वारकरी परंपरेत तेही दर्शनच आहे. पायाला जखम असेल, तर चंद्रभागेत उतरू नये. परतीचे आरक्षण निघण्यापूर्वीच करावे आणि गाडीत दर तासा-दोन तासांनी पाय हलवावेत. घरी आल्यावर एकाच पोटरीला सूज व दुखणे जाणवले, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. तीन-चार आठवड्यांच्या आत ताप आला, तर डॉक्टरांना वारीत चिखलातून व साचलेल्या पाण्यातून चाललो होतो हे आवर्जून सांगावे. अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराची शंका त्यांना त्या माहितीवरूनच येते.