मोदकपात्रातला शोपाव

बोटीवर मी अकरा वर्षं मेसमन होतो. आमचा चीफ कुक फिलिपिन्समधल्या सेबूचा. रविवारी पहाटे तो मैदा भिजवायचा आणि मी शेजारी उभा राहून लसूण सोलायचो. त्याच्याकडून शिकलेला शोपाव आता हर्णैला घरी, आईच्या मोदकपात्रात करतो. यातला ‘पाव’ आपल्या पोर्तुगीज पावातला नव्हे. चिनी होक्किएन बोलीत ‘शिओ-पाउ’ म्हणजे गरम वाफवलेला बन. चिनी लोकांबरोबर तो फिलिपिन्सला गेला आणि तिथलाच झाला.

सारण आदल्या रात्रीच करा. गरम सारण भरलं की पीठ ओलं होतं आणि बूड फाटतं. अर्धा किलो बिनहाडाचं चिकन घ्या, मांडीचं असेल तर उत्तम. तेलावर एक कांदा आणि सहा लसूणपाकळ्या परता. मग चिकन, ४ चमचे सोया सॉस, ३ चमचे गूळ, एक चक्रीफूल आणि दीड कप पाणी घालून २५ मिनिटं शिजवा. तिकडे साखर घालतात. मला गुळाचा रंग आणि चव आवडते. मीठ घालू नका, सोया पुरेसा खारट असतो. चिकन काढून हाताने सोडवा. अर्धा कप रस सॉससाठी बाजूला ठेवा. उरलेल्या रसात चमचाभर कॉर्नफ्लॉर पाण्यात कालवून घाला, आटवा आणि चिकन परत टाका. पुरणासारखं घट्ट हवं. याला तिकडे ‘असादो’ म्हणतात.

पिठासाठी अर्धा किलो मैदा, ८० ग्रॅम साखर, २ छोटे चमचे इन्स्टंट यीस्ट, २ छोटे चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, ३ चमचे तेल. कोमट दूध साधारण २८० मिली लागतं, पण सगळं एकदम ओतू नका. आमच्याकडे पावसाळ्यात मैदा आधीच दमट असतो, तेव्हा दोन-तीन चमचे दूध उरतंच. दहा मिनिटं नीट मळा आणि झाकून ठेवा. मे महिन्यात पाऊण तासात दुप्पट फुगतं.

बारा गोळे करा. पारी मधे जाड, कडेला पातळ. सारण आणि उकडलेल्या अंड्याची एक फोड ठेवून मोदकासारख्या कळ्या पाडा, वर पीळ देऊन तोंड घट्ट मिटा. मोदकाची सवय असलेल्या हाताला हे जमतंच. तिकडे खाली कागद लावतात, मी केळीच्या पानाचे तुकडे लावतो. हळदीचं पान नको, त्याचा वास सोयाशी जमत नाही. मग पुन्हा २० मिनिटं फुगू द्या.

खरी कसोटी वाफेची. मोदकावर झाकणाचं पाणी ठिबकलं तर फार बिघडत नाही. शोपावावर एक थेंब पडला की तिथे चिकट, पिवळसर डाग. म्हणून झाकणाला फडकं बांधा. पाण्यात चमचाभर व्हिनेगर घाला, बन पांढरे राहतात. दोन बनांत दोन बोटं अंतर ठेवा. मध्यम आचेवर १५ मिनिटं, मधे झाकण उघडायचं नाही. गॅस बंद केल्यावर झाकण किंचित कलतं करून चार मिनिटं थांबा. एकदम उघडलं की फुगलेला बन डोळ्यांदेखत बसतो आणि सुरकुततो. माझे पहिले दोन घाणे असेच गेले.

तोवर बाजूला ठेवलेल्या रसात थोडं पाणी, साखर आणि कॉर्नफ्लॉर घालून चकचकीत सॉस करा. बुडाचं पान सोडवा, बन मधोमध फोडा आणि सॉस थेट सारणावर ओता. उरले तर दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं पुन्हा वाफेवर ठेवा.