साखरेच्या डब्यातून विज्ञानकथा कशी लिहावी

सामाजिक धोरणावर विज्ञानकथा लिहू इच्छिणाऱ्याने मंगळावर जाण्याआधी स्वयंपाकघरातील साखरेचा डबा उघडावा. ही साखर कोणावर अन्याय न होता इथवर आली का, असा प्रश्न विवेकी ग्राहकाला पडतो. पण किराणा दुकानातील सुट्या साखरेवर काहीच लिहिलेले नसते, आणि पिशवीवर कारखान्याचे नाव असले तरी ऊस कोणी तोडला हे त्यावरून कळत नाही. सेंद्रिय गूळ घेतला तरी तोच प्रश्न उरतो, कारण त्याचाही ऊस कोणीतरी तोडलेलाच असतो.

कल्पनेला हात घालण्यापूर्वी आजची वस्तुस्थिती नीट समजून घ्यावी. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. हंगामाआधीच मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत कोयता बांधलेला राहतो. आजारपणात दिवस बुडाला तर खाडा लागतो आणि पैसे कापले जातात. २०१९ साली राज्य शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतील १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या त्रासाने खाडा पडू नये, हे त्यामागचे एक कारण अनेकींनी बोलून दाखवले होते. हा आकडा वाचून जो थांबत नाही, त्याने या विषयावर कथा लिहू नये, असे मला मनापासून वाटते.

त्यानंतर वहीत हिशेब मांडावा. जानेवारी २०२४ मधील ३४ टक्के वाढीनंतर तोडणीचा दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, सव्वादहा टक्के धरल्यास एका टनातून साधारण १०२ किलो साखर निघते. म्हणजे किलोमागे तोडणीची मजुरी साडेतीन रुपयांच्या आसपास पडते, आणि तीही दोघांची मिळून. कथेत कोणतेही यंत्र आणले तरी त्याची गाठ या साडेतीन रुपयांशी आहे, हे विसरू नये.

आता या जगात एकच बदल करावा आणि बाकी सारे जसेच्या तसे ठेवावे. समजा, २०४५ साली साखरेच्या पिशवीवरची खूण मोबाइलसमोर धरली की ऊस तोडणाऱ्यांचा सगळा हंगाम दिसतो: उचल किती, खाडे किती, मुलगी शाळेत होती की उसाच्या फडात. इथे लगेच अडचण येते, कारण गाळपात शेकडो गाड्यांचा ऊस एकत्र होतो आणि एका पिशवीतील साखर एका कोयत्याची कधीच नसते. म्हणून ती खूण एका जोडीची नव्हे, तर त्या दिवशी कारखान्याच्या गव्हाणीत (ऊस गाळपासाठी टाकतात त्या जागी) पडलेल्या सगळ्या उसाची असावी लागेल. विज्ञानकथेतील विज्ञान हे असे कामाला येते. ते लेखकाला सोयीचे खोटे बोलू देत नाही.

मग तो बदल कोणाकोणापर्यंत पोहोचतो, याचा माग काढावा. पुण्यातील ग्राहक ती नोंद वाचून हळहळेल. पण मुकादमही तीच नोंद वाचेल आणि ज्या कोयत्याचे खाडे जास्त, त्याला पुढच्या वर्षी उचल नाकारेल. पहाटे तीनला मोळ्या गाडीत चढवणारी बाई पोट दुखत असूनही मोबाइलवर ‘हजर’ हे बटण दाबते, हा प्रसंग सावकाश, तपशिलाने लिहावा. ग्राहकाच्या भल्यासाठी केलेली नोंद मजुरावरची पाळत कशी होते, ते या एका बोटात दिसते. धोरणाचा प्रश्नही इथेच उभा राहतो: नोंद मजुराची ठेवायची, की मुकादमाची आणि कारखान्याची?

दुसरा बदल घ्यायचा असेल तर हार्वेस्टर घ्यावा. सगळा ऊस यंत्राने तोडला गेला, तर उचल फेडायची कशी आणि दिवाळीनंतर गावात पोट कशावर भरायचे, हे प्रश्न पहिल्या पानावरच यावेत.

ग्राहकाला नायक करू नये. मसुदा झाला की तोडीला जाऊन आलेल्या माणसाला तो मोठ्याने वाचून दाखवावा, आणि “असं नसतं” म्हणून तो जिथे थांबवील, तिथपासून पुन्हा लिहायला घ्यावे.