बर्फ न पाहता स्नो डेस्कवर: मला लागलेली ठेच

थंडी सुरू झाली की मला हमखास मेसेज येतात. खराडी-हिंजवडीकडच्या कुठल्यातरी ऑफिसात जीआयएस, म्हणजे संगणकावरचे नकाशे, करणाऱ्या मुलामुलींना अमेरिकेतल्या एखाद्या शहराचं स्नो डेस्कचं काम, म्हणजे बर्फ हटवण्याचे मार्ग आणि नकाशे इथे बसून आखायचं काम, मिळालेलं असतं आणि प्रश्न एकच असतो: "ताई, आयुष्यात बर्फ पाहिला नाही, जमेल का?" जमेल. मीही पाहिला नव्हता. पण पहिल्या हिवाळ्यात मी जी चूक केली ती आठवली की अजून पोटात गोळा येतो, म्हणून हे लिहायला घेतलं.

सॉफ्टवेअर तुम्हाला येतं असं धरते. सेंटरलाइन, लेयर, नेटवर्क अॅनालिसिस, यात वेळ घालवत नाही.

सगळ्यात आधी डोक्यातून डिलिव्हरीवाला काढा आणि घंटागाडी आणा. डिलिव्हरीवाल्याला वीस पत्ते गाठायचे असतात, मधला रस्ता कुठलाही चालतो. घंटागाडीला प्रत्येक गल्लीतून जावंच लागतं. बर्फ ढकलणारा ट्रक, म्हणजे प्लाऊ, घंटागाडीसारखा आहे. गणितात हा प्रश्न चिनी पोस्टमनचा म्हणून ओळखला जातो. क्वान मेइ-को या चिनी गणितज्ञाने तो १९६० मध्ये मांडला. प्रत्येक रस्ता किमान एकदा झाला पाहिजे आणि काम न करता नुसती धाव कमीत कमी व्हायला हवी. ठिकाणं जोडणारं तयार टूल इथे लावलंत तर नकाशा देखणा दिसेल आणि निम्म्या गल्ल्या राहून जातील. त्यात प्लाऊचं पातं उजवीकडे कललेलं असतं, बर्फ उजव्या कडेला पडतो. त्यामुळे डावं वळण घेताना चौकाच्या मधोमध बर्फाची रांग सुटू शकते. मार्ग आखताना सॉफ्टवेअरमध्ये डाव्या वळणाला दंड लावतात, म्हणजे ते महाग धरतात, ते यासाठी.

मिठाचं थोडक्यात सांगते, कारण ते वाचून कळतं. साधं मीठ तत्त्वतः उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत बर्फ वितळवतं, पण साधारण उणे ९ च्या खाली त्याचा वेग इतका मंदावतो की रस्त्यावर उपयोग उरत नाही. मग कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड लागतं. बर्फ पडण्याआधीच सुमारे २३ टक्क्यांचं मिठाचं पाणी फवारलं तर बर्फ डांबराला चिकटत नाही, आणि चिकटलेला खरवडण्यापेक्षा हे फार स्वस्त पडतं. तापमान बघायचं ते रस्त्याच्या पृष्ठभागाचं, हवेचं नव्हे. पूल आधी गोठतात, कारण त्यांना वरूनही गार हवा लागते आणि खालूनही. एवढं पुरे.

आता ती चूक. इथे सावकाश वाचा.

अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत मोठा बर्फ पडला की गाड्या हलवायचा हुकूम निघतो, नाहीतर प्लाऊ जाणार कुठून? मिनियापोलिसचा नियम उघड आहे, तोच उदाहरणाला घेते. पहिल्या दिवशी रात्री ९ ते सकाळी ८, मुख्य ठरवलेल्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंना पार्किंग बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ते रात्री ८, बाकीच्या रस्त्यांच्या सम बाजूला बंद. तिसऱ्या दिवशी त्याच वेळात विषम बाजूला बंद. मी ज्या शहराचं काम करत होते त्याचं नाव घेत नाही, पण नियम याच जातीचा होता, आणि कुठली बाजू बंद ते लोकांसाठीच्या नकाशावर लाल रंगवणं माझ्याकडे होतं.

"सम बाजू" वाचल्यावर पुणेकराच्या डोळ्यांसमोर काय येतं? पी-१, पी-२ च्या पाट्या. आज तारीख सम की विषम, त्यावर गाडी रस्त्याच्या या कडेला की त्या. मी अख्खी सकाळ नकाशाचा लेयर, म्हणजे बंद बाजूंचा थर, तारखेवर बांधत बसले होते. तिथे सम बाजू म्हणजे ज्या बाजूच्या घरांचे नंबर सम आहेत ती. तारखेचा संबंधच नाही. रस्त्याच्या एका बाजूला १०१, १०३, १०५ आणि समोर १००, १०२, १०४, ही गोष्ट तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. आपल्याकडे घर क्रमांक पेठेचा असतो, रस्त्याचा नाही. ४१२ नारायण पेठेच्या समोर ४१३ असेलच असं नाही, आणि पत्ता तर आपण मोदी गणपतीजवळ असाच सांगतो. घराचा नंबर बाजू सांगतो ही कल्पनाच माझ्या अंगात नव्हती.

ही अर्धी चूक टीम लीडने पकडली. उरलेली अर्धी कुणीच पकडली नाही.

सेंटरलाइन म्हणजे नकाशावर रस्त्याच्या मधून ओढलेली रेघ. तिच्या प्रत्येक तुकड्याला घरांच्या नंबरांचे चार आकडे असतात: डावीकडचा पहिला आणि शेवटचा नंबर, उजवीकडचा पहिला आणि शेवटचा. मी वीसेक तुकडे तपासले. सगळ्यांत डावीकडे विषम. लिहून टाकलं: डावी म्हणजे विषम. पण डावी-उजवी ठरते रेघ कुठून कुठे ओढली त्यावरून. ज्याने ती डिजिटाइझ केली, म्हणजे संगणकावर काढली, त्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे माउस नेला की उलटा, यावर. शहराच्या जुन्या भागात कित्येक रेघा उलट्या होत्या. तिथे डावीकडे सम होतं आणि माझा नकाशा नेमकी चुकीची बाजू लाल दाखवत होता.

डेटा तपासताना चूक दिसत नाही. आकडे बरोबर, रेघ बरोबर, रंगही नीट भरलेला. ती दिसते पहिल्या वादळात, रस्त्यावर. लोकांनी नकाशा पाहून गाड्या हलवल्या, त्याही प्लाऊ येणार त्याच बाजूला. प्लाऊला गल्ल्या सोडाव्या लागल्या. तिथला बर्फ गाड्यांच्या चाकांखाली दबून कडक झाला, आणि असा दबलेला बर्फ मग पात्याने सहज निघत नाही. एका बाईंची गाडी टो झाली. त्यांनी शहराला पत्र लिहिलं होतं, की मी नकाशा उघडून बघूनच गाडी लावली. ते पत्र मला वाचून दाखवलं गेलं. त्यांची काही चूक नव्हती.

म्हणून: बाजू डाव्या-उजव्यावरून कधीही ठरवू नका. नंबरला दोनने भागा, बाकी बघा, प्रत्येक तुकड्यासाठी वेगळं. चारही आकडे तपासा. एकाच बाजूचा पहिला नंबर सम आणि शेवटचा विषम निघाला तर तो तुकडा बाजूला काढा आणि शहराला विचारा, अंदाजाने रंगवू नका. नंबरांच्या जागी शून्य भरलेले तुकडे वेगळे ठेवा. कुणी एडिट करताना रेघेची दिशा उलटवली तर चार आकडे आपोआप उलटतातच असं नाही, म्हणून प्रत्येक नव्या डेटानंतर सगळं पुन्हा तपासा. आणि शहराच्या प्रत्येक भागातले थोडे तुकडे घेऊन रस्त्याचे फोटो उघडा, दारावरचे नंबर डोळ्यांनी वाचा. कंटाळवाणं आहे. तरी करा. मी आजही करते.

"आधी एखादा रूट ऑप्टिमायझेशनचा कोर्स करू का?" तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटवर पैसे घालू नका. मला ते पैसे परत मिळाले तर आनंद होईल. त्याऐवजी क्यूजीआयएस हे नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर उघडा, एखाद्या शहराचा खुला डेटा उतरवा, एक मोहल्ला घ्या आणि सम-विषम बाजू स्वतः काढा. दोन शनिवार जातील. मुलाखतीत हे दाखवणारा उमेदवार मला दहा सर्टिफिकेटांहून जवळचा वाटतो.

गुरूबद्दल माझं मत ठाम आहे. विचारल्यावर लगेच उत्तर देणारा सिनिअर सोयीचा असतो, पण घडवत नाही. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते शहराच्या बाजूने कॉलवर येणाऱ्या एका माजी प्लाऊ ड्रायव्हरने. पातं उजवीकडे का कललेलं असतं, हे त्यांनीच सांगितलं. असा माणूस कॉलवर असेल तर म्यूट काढा आणि विचारा. इंग्रजी अडखळलं तरी चालतं. माझं अडखळायचं, त्यांनी प्रत्येक वेळी थांबून ऐकलं.

एका शहराचं शिकलात म्हणजे सगळ्यांचं आलं असं मात्र समजू नका. माँट्रिअलमध्ये बर्फ नुसता कडेला ढकलून भागत नाही. तो ट्रकमध्ये भरून न्यावा लागतो, फ्रँकॉन नावाच्या जुन्या खाणीत त्याचे डोंगर होतात. तिथे प्लाऊइतकाच ट्रकांच्या खेपांचा हिशोब महत्त्वाचा.

घरच्यांना आधीच सांगून ठेवा. वादळ संक्रांत बघून येत नाही. मी दोन वर्षं तिळगूळ ऑफिसातच वाटला आणि आईची नाराजी झेलली. पण सगळ्याच रात्री जागाव्या लागत नाहीत. मिनियापोलिसची घड्याळं हिवाळ्यात आपल्या साडेअकरा तास मागे असतात, म्हणजे तिथले रात्रीचे ९ हे आपले दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेआठ. पहिल्या दिवसाचं काम आपल्या दिवसाउजेडी होतं, पुढच्या दोन पाळ्या संध्याकाळी साडेसात ते सकाळी साडेसात. फलकावर दोन्हीकडची तारीख लिहा, एक लिहून गोंधळ होतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं पुढे सरकतात आणि फरक साडेदहा तासांवर येतो. बर्फ तेव्हाही पडतो, तेव्हा रोस्टर फेब्रुवारीतच बदलून घ्या.