बाळ झोपेत असतानाच श्वास मोजा: नवजात बाळाची गृहभेट कशी करावी

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची देखभाल शिकवली. त्या कामाचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने गृहभेटींची शिफारस केली. खेड्यात काम करणाऱ्या कुठल्याही संस्थेला, परदेशी असो वा इथली, ही पद्धत उचलता येते. त्यासाठी मोठं यंत्र लागत नाही, पण क्रम पाळावा लागतो.

आशाताईंच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या असतात. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही जायचं. पहिल्या आठवड्यातली भेट चुकवू नका, कारण सर्वांत जास्त धोका तेव्हाच असतो.

घरात शिरताच बांगड्या वर सारून साबणाने हात धुवा आणि हवेत वाळवा. पदराला पुसले तर धुणं वाया गेलं.

पहिलं काम श्वास मोजण्याचं. बाळाला उचलल्यावर ते रडतं आणि मोजणी बिघडते, म्हणून ते झोपेत असतानाच दुपटं अलगद बाजूला करा. पोट एकदा वर आलं की एक श्वास. मोजणी पूर्ण ६० सेकंद करा. नवजात बाळ मध्येच काही सेकंद थांबतं आणि मग भराभर श्वास घेतं, त्यामुळे १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर आकडा फसवा येतो. ६० किंवा जास्त भरले तर थोडं थांबून पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढेच आले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खोल खड्डा पडत असेल, तर लगेच रुग्णालय.

नंतर काखेत डिजिटल थर्मामीटर लावा. टोक काखेच्या खोलगटात ठेवून हात अंगाशी धरा, आवाज येईपर्यंत हलवू नका. ९७.७ ते ९९.५ अंश फॅरनहाइट ठीक. ९५.९ च्या खाली किंवा ९९.५ च्या वर गेलं तर रुग्णालय. साधा पाऱ्याचा थर्मामीटर ९४-९५ च्या खाली दाखवतच नाही, म्हणून गारठलेलं बाळ त्यात निसटतं. खरेदी करताना हे पाहा.

वजनाआधी रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणा. महिन्यातून एकदा एक किलो मिठाची पुडी टांगून काटा तपासा. स्प्रिंग सैल झाली की तो चुकतो. झोळी गोधडीवर वीतभरच उचला आणि आकडा डोळ्यांच्या रेषेत आणून वाचा. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, घाबरू नका. पण जन्माच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, किंवा दोन आठवड्यांनंतरही मूळ वजन भरून आलं नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीवर, फक्त टोपी आणि लंगोट घालून, उभं धरायला शिकवा. वरून साडी घट्ट बांधा, पण बाळाचं नाक मोकळं राहू द्या. दिवसातून किमान आठ तास. आई दमली तर आजीने किंवा बाबांनी घ्यावं. आंघोळीची घाई करू नका.

चीक फेकू देऊ नका. मध, गुटी, साखरपाणी काही नको. २४ तासांत ८ ते १२ वेळा अंगावर पाजावं. ‘दूध येत नाही’ अशी तक्रार असेल तर आधी बाळाने स्तन कसा धरलाय ते बघा. नुसतं बोंड तोंडात असेल तर बाळ उपाशी राहतं आणि आईला चिरा पडतात. काळा भाग बराचसा तोंडात हवा.

निघण्यापूर्वी बाळंतिणीला विचारा: ताप आहे का, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला घाण वास येतो का, पाच मिनिटांत घडी भिजते का, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येते का? यातलं एकही असेल तर तीही रुग्णालयात.

बाळाने दूध ओढणं सोडलं, आचके आले, हातापायाचे तळवे पिवळे झाले किंवा नाळेभोवती लाली पसरली, तर १०८ ला फोन करा. वाटेत बाळ आईच्या छातीशीच राहू द्या. ओढत असेल तर पाजत राहा. शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका.