तेल आटत चालल्याची जाणीव गावात किती? गूगल ट्रेंड्सवर असा अंदाज घ्या

वखरणीपासून मळणीपर्यंत विदर्भातली शेती आता डिझेलवर आली आहे, आणि देशाला लागणारे ८५ टक्क्यांहून जास्त कच्चे तेल बाहेरून येते. हे साठे कायमचे नाहीत, याची काळजी लोकांना आहे की फक्त भावाची? माझ्या मते शोधण्यासारखा प्रश्न हाच आहे.

मोबाइलवर गूगल ट्रेंड्स उघडा. कोणता शब्द गूगलवर कधी किती शोधला गेला, हे ते दाखवते. ते फुकट आहे. प्रदेश ‘महाराष्ट्र’ आणि काळ २००४ पासून आजपर्यंत निवडा. ‘डिझेल भाव’ देवनागरीत टाका, मग रोमनमध्येही टाका, कारण बरेच जण तसेच टाइप करतात. शेजारी ‘कच्चे तेल’ आणि ‘पीक ऑइल’ (peak oil, म्हणजे तेलाचे उत्पादन शिखर गाठून घटू लागण्याची वेळ) ठेवा. एका वेळी पाच शब्दांची तुलना होते. नुसते ‘तेल’ टाकले तर सोयाबीन-शेंगदाण्याचे तेलही त्यात मिसळते.

आलेखातला १०० म्हणजे माणसे नव्हेत. निवडलेल्या काळात एकूण शोधांमधला त्या शब्दाचा वाटा सर्वाधिक कधी होता, एवढेच तो सांगतो. शून्य म्हणजे कोणीच शोधले नाही असे नाही, नोंद फार थोडी आहे.

आता उंचवट्यांच्या तारखा तपासा. जुलै २००८ मध्ये कच्चे तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेले होते. २०२१ मध्ये पेट्रोलने शंभरी ओलांडली आणि नोव्हेंबरात केंद्राने अबकारी कर पेट्रोलवर ५, डिझेलवर १० रुपयांनी कमी केला. अशा दिवसांतली वाढ भावाची चिंता समजा. साठ्यांची जाणीव ‘संबंधित शोध’ या भागात दिसू शकते: ‘पेट्रोल कधी संपणार’, ‘जगात किती तेल शिल्लक’. इलेक्ट्रिक गाडीचे शोध यात धरू नका, त्यांमागे बहुतेकदा खर्चच असतो. यूट्यूबचा पर्यायही पाहा, गावात बरीच माहिती तिथेच शोधली जाते.

पण ट्रेंड्स तालुक्यापर्यंत पोहोचत नाही. नागपूर-अमरावतीच्या आकड्यावरून घाटंजीच्या शेतकऱ्याचे मन ओळखू नका. पानठेल्यावर, आठवडी बाजारात, बचत गटाच्या बैठकीत जाऊन विचारा: “डिझेल काहून महाग होते, भाऊ?” साठ्यांचा विषय तुम्ही आधी काढू नका; किती जण तो आपणहून काढतात ते मोजा. एकदा पेरणीआधी विचारा, एकदा सोयाबीन निघाल्यावर. त्याच दिवशी ट्रेंड्सचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा, कारण ट्रेंड्स सगळे शोध न मोजता त्यांतल्या काहींच्या नमुन्यावर चालते आणि तोच शोध दुसऱ्या दिवशी थोडा वेगळा दिसू शकतो.