कारचा ब्लोअर ओरडतोय? तेल कुठे आणि किती द्यायचं

हीटर असो वा एसी, वारा एकच ब्लोअर फेकतो. त्याचा आवाज यायला लागला की लगेच तेल शोधू नका, आधी नीट ऐका. टक-टक होतंय आणि वेग वाढवला की तेच भरभर होतंय, तर पंख्यात पान किंवा काडी अडकली आहे. घरघर होऊन डॅशबोर्ड थरथरत असेल तर पात्यांवर धूळ चढून पंख्याचा तोल गेलाय. सकाळी गार गाडीत चीं-चीं होतं आणि थोड्या वेळाने थांबतं, तेव्हा बुश, म्हणजे मोटरचा शाफ्ट (दांडा) ज्यांत फिरतो त्या कड्या, कोरडे पडलेले असतात. तेलाचं काम फक्त या शेवटच्या दुखण्यात.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत ब्लोअर डाव्या बाजूला, ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. एअरबॅग असेल तर त्यानंतर काही मिनिटं थांबा आणि पिवळ्या कपलरना (तारा जोडणाऱ्या प्लगना) हात लावू नका. ग्लोव्हबॉक्स उतरवा, मोटरचा कपलर सोडवा, बहुधा तीन स्क्रू असतात ते काढा. मोटर पंख्यासकट खाली येते. मोटर गार ठेवणाऱ्या हवेची रबरी नळी जोडलेली असेल तर आधी ती ओढून घ्या.

पंखा कोरड्या ब्रशने, पातं-पातं करून साफ करा. पात्यांवर पत्र्याची बारीक क्लिप दिसली तर तिथेच राहू द्या. ती कारखान्यात तोल साधायला लावलेली असते. कचरा समजून काढली तर नवी थरथर सुरू होते. पंखा शाफ्टवरून काढायचाच असेल तर दोघांवर मार्करने खूण करा.

आता शाफ्ट आडवा हलवून पाहा. पुढे-मागे किंचित सरकणं ठीक, पण आडवा लटपटत असेल तर बुश झिजलाय. तिथे तेल चार दिवस आवाज दाबेल, इतकंच. अशी मोटर बदललेली बरी.

लटपट नसेल तर शिलाई मशीनचं तेल किंवा हलकं टर्बाइन ऑइल सिरिंजमध्ये घ्या. शाफ्ट बुशमध्ये शिरतो त्या सांध्यावर दोन थेंब सोडा, पंखा हाताने फिरवा, शोषलं की आणखी एक. मोटर पंखा वर ठेवून रात्रभर उभी ठेवा. हे बुश सच्छिद्र ब्राँझचे असतात, तेल छिद्रांत मुरायला वेळ लागतो. जास्तीचं तेल आत उतरून कम्युटेटरवर (कार्बन ब्रश घासतात त्या तांब्याच्या भागावर) जातं, कार्बनच्या भुकटीत मिसळून चिकट काळा लगदा होतो आणि मग मोटर अडखळते. गंज सोडवणारा स्प्रे तर मुळीच मारू नका. तो बुशमधलं उरलंसुरलं तेलही धुऊन नेतो, आणि दोन आठवड्यांत आवाज दुप्पट होऊन परततो.

मागचा बुश डब्यात बंद असतो. पत्र्याचे कान वाकवून उघडणारी मोटर असेल तरच त्याच्या नादी लागा. आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) ओढताना कार्बन ब्रश स्प्रिंगमुळे उडतात, आणि शाफ्टवरचे पातळ वायसर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने परत बसले पाहिजेत.

बसवण्यापूर्वी ब्लोअरच्या पोकळीत हात घालून पानं, उंदराने आणलेल्या चिंध्या काढा. केबिन फिल्टर झटकून किंवा बदलून घ्या. फिल्टर बसवलेलाच नसेल तर हाच कचरा पुन्हा पंख्यात येणार. आणि दुरुस्तीनंतर ब्लोअर फक्त सर्वात वरच्या वेगावरच चालत असेल तर मोटर उघडू नका. रेझिस्टर (ब्लोअरचा वेग कमी करणारा भाग) गेलाय किंवा त्याचा कपलर लावायचा राहिलाय.