आपल्या गावाचा मतदारसंघ १९५२पासून कसा शोधायचा

माझं घर मालवणात. आजी कायम म्हणायची, "आपण राजापूरचे मतदार." नाथ पै आणि मधू दंडवते या राजापूरच्या दोन्ही खासदारांना तिनं मत दिलेलं. आज राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघच नाही. विधानसभेचा आहे, पण मालवण त्यात येत नाही. मी आधी राजापूरचाच माग काढत बसलो आणि भलत्याच गावांचा इतिहास लिहून ठेवला. म्हणून पहिली गोष्ट सांगतो: मतदारसंघाच्या नावामागे जाऊ नका, गाव धरून ठेवा. नावं बदलतात, गाव जागचं हलत नाही.

सुरुवात आजपासून करा आणि मागे जा. मतदार यादीच्या पहिल्या पानावर विधानसभा आणि लोकसभा, दोन्ही मतदारसंघ छापलेले असतात. मालवणसाठी ते कुडाळ आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग. मग २००८चा परिसीमन आदेश, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी नव्यानं आखणारा आदेश, उघडा. त्यात मतदारसंघांची हद्द तालुक्यांनुसार दिली आहे. तालुका दोन मतदारसंघांत विभागला असेल, तर महसूल मंडळांची, म्हणजे तालुक्याच्या छोट्या भागांची, नावं येतात. तिथे घाई करू नका. आपला सजा, म्हणजे एका तलाठ्याकडचा गावांचा गट, कुठल्या मंडळात येतो ते त्याच्याकडे विचारून घ्या.

या आदेशापाशी जरा थांबा, कारण सगळ्यात मोठी उलथापालथ इथेच झाली. राज्याच्या विधानसभेच्या २८८ आणि लोकसभेच्या ४८ जागा तशाच राहिल्या, पण २००१च्या जनगणनेनुसार त्यांची राज्यातली वाटणी बदलली. आमच्या सिंधुदुर्गात देवगड, मालवण, वेंगुर्ला आणि सावंतवाडी असे चार आमदार निवडून यायचे. त्यांचे तीन झाले: कणकवली, कुडाळ, सावंतवाडी. रत्नागिरीत सातांचे पाच झाले. पोटासाठी माणसं मुंबई-ठाण्याला गेली आणि त्यांच्यामागून जागाही गेल्या. 'मालवणचे आमदार' हे शब्द यादीतून गेले, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यामागचे टप्पे भराभर उरकतात. १९७६च्या आदेशानं महाराष्ट्राच्या लोकसभा जागा ४८ आणि विधानसभेच्या २८८ झाल्या. १९६७ला त्या ४५ आणि २७० होत्या, १९६२ला ४४ आणि २६४. प्रत्येक निवडणुकीचा सांख्यिकी अहवाल निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतो.

खरी अडचण १९६०च्या अलीकडे नाही, पलीकडे आहे. १९५७चे निकाल शोधायचे तर द्विभाषिक मुंबई राज्याच्या अहवालात पाहा. तिथे ३९६ आमदार दिसतील. १९६०ला त्यातले १३२ गुजरातेत गेले, २६४ आपल्याकडे राहिले. १९५२साठी मात्र आधी विचारा, गाव तेव्हा कोणत्या राज्यात होतं? कोकण, पश्चिम महाराष्ट्र आणि खानदेश मुंबई राज्यात, विदर्भ मध्य प्रदेशात, मराठवाडा हैदराबादेत. बीडचा माणूस मुंबईच्या यादीत बीड शोधत बसला तर त्याला काहीच मिळणार नाही.

या दोन निवडणुकांत एकाच मतदारसंघासमोर दोन विजेते दिसले, तर छपाईची चूक समजू नका. काही मतदारसंघ द्विसदस्य होते. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं. १९५२ला डॉ. आंबेडकर उत्तर मुंबईत हरले तो मतदारसंघ असाच होता. १९६१च्या कायद्यानं ही पद्धत संपली.

सापडेल ते वहीत गावाच्या नावाखाली लिहीत जा. माझ्या वहीत मालवणच्या लोकसभेच्या तीन ओळी आहेत: १९५२, रत्नागिरी दक्षिण. १९५७पासून २००४पर्यंत, राजापूर. २००९पासून, रत्नागिरी-सिंधुदुर्ग. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ला वेगळा झाला, तरी लोकसभेच्या नावात तो यायला २००९ उजाडलं.

वहीला आताच्या मतदार यादीच्या पहिल्या पानाची प्रतही जोडून ठेवा. ८४व्या घटनादुरुस्तीनं जागांची संख्या २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवली. त्यानंतर हद्दी पुन्हा आखल्या जातील, तेव्हा कोणाला तरी हे पान लागेल.